दंड भरल्याने दोष फिटतो का?

रस्त्यावर थुंकणे, नाल्यात कचरा टाकणे, ओला आणि सुका कचरा एकत्र देणे, परवानगीवाचून बांधकाम वाढवणे, पदपथ अडवणे अशा कृत्यांसाठी स्थानिक स्वराज्य संस्था रहिवाशांना दंड करतात. या दंडाचा आधार कायद्यात आहे. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र कायद्यापुरता राहत नाही. रक्कम भरली, पावती हातात आली, म्हणजे दोष फिटला का? आणि फिटला असेल तर कोणापुढे: पालिकेपुढे, शेजाऱ्यांपुढे, की करणाऱ्याच्या स्वतःच्या विवेकापुढे? धर्मशास्त्राने राजाने करायचा दंड आणि दोषी माणसाने स्वतः घ्यायचे प्रायश्चित्त यांचा वेगवेगळा विचार केला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातही राजधर्म आणि व्यवहार हे विषय १९४६ च्या तिसऱ्या खंडात, तर पातक आणि प्रायश्चित्त १९५३ च्या चौथ्या खंडात येतात. आजच्या शहरातल्या छोट्या दंडाला हे दोन्ही विचार लागू पडतात, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ पुरता लागत नाही.

प्रथम ही व्यवस्था चालते कशी, ते पाहणे आवश्यक आहे. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नागरी स्थानिक संस्थांना संविधानात स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, घनकचरा व्यवस्थापन आणि बांधकामाचे नियमन यांचा समावेश झाला. महाराष्ट्रात उपविधी करण्याचा अधिकार त्याआधीपासूनच आहे. मुंबई महानगरपालिकेला तो १८८८ च्या अधिनियमातील कलम ४६१ ने, इतर महानगरपालिकांना १९४९ च्या अधिनियमाने आणि नगरपरिषदांना १९६५ च्या अधिनियमाने मिळाला. उपविधीचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो, नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि राज्य सरकारची मान्यता मिळाल्यावर तो अमलात येतो. मुंबईचे स्वच्छताविषयक उपविधी २००६ मध्ये याच मार्गाने आले. त्यांत सार्वजनिक जागी थुंकण्यासाठी २०० रुपये दंड ठरला. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचऱ्याचे घरीच वर्गीकरण करणे ही रहिवाशाची जबाबदारी ठरवली आणि जागेवर दंड करण्याची तरतूद उपविधींत घालायला स्थानिक संस्थांना सांगितले.

रहिवाशाशी गाठ पडते ती या साखळीच्या शेवटच्या कडीशी. किरकोळ उल्लंघनात प्राधिकृत कर्मचारी जागेवर दंड मागतो आणि पावती देतो. कायद्याच्या नजरेने ही एक तडजोड असते: रक्कम भरली की प्रकरण तिथेच मिटते. आरोप मान्य नसेल, तर भरायला नकार देऊन दंडाधिकाऱ्यासमोर बाजू मांडण्याचा मार्ग खुला असतो. बांधकाम किंवा अतिक्रमण यांसारख्या गंभीर बाबींत आधी नोटीस, मग खुलाशाची संधी, मग आदेश असा क्रम असतो. वाहतुकीचे ई-चलान यापेक्षा वेगळे. ते मोटार वाहन कायद्याखाली पोलीस देतात, पालिका नव्हे. तरी रहिवाशाच्या अनुभवात दोन्ही एकाच जातीचे वाटतात: एक चूक, एक रक्कम, एक पावती.

या क्रमातील प्रत्येक पायरीला नैतिक अर्थ आहे. नियम आधी जाहीर झालेला असावा लागतो, कारण जे ठाऊक होण्याची शक्यताच नव्हती त्याबद्दल माणसाला दोषी धरणे अन्याय आहे. संविधानाच्या अनुच्छेद २० ने कृत्य घडले तेव्हा जो कायदा नव्हता त्याखाली शिक्षा देण्यास मनाई केली, त्यामागे हेच तत्त्व आहे. हरकती मागवल्या जातात, कारण ज्यांच्यावर नियम बांधला जाणार त्यांना तो घडवण्यात वाटा हवा. पावती द्यावी लागते, कारण दंड अधिकाराच्या पदाकडे जातो, त्या पदावर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या खिशात नव्हे. पावतीविना घेतलेला पैसा दंड उरतच नाही. ती वसुली असते, आणि ती करणारा स्वतः दोषी ठरतो.

शहरातल्या अस्वच्छतेला दंड ही कल्पना भारतात जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराची व्यवस्था पाहणाऱ्या नागरिक या अधिकाऱ्याची कर्तव्ये येतात. तिथे रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण (पण म्हणजे त्या काळचे नाणे), चिखलपाण्याने रस्ता अडवणाऱ्याला पाव पण, आणि तेच राजमार्गावर घडले तर दुप्पट दंड सांगितला आहे. मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप यांचे प्रेत नगरात टाकल्यास ३ पण, गाढव, उंट, घोडा अशा मोठ्या जनावरांचे टाकल्यास ६ पण आणि माणसाचे टाकल्यास ५० पण. ही चढती श्रेणी शेजाऱ्यांना होणाऱ्या त्रासाच्या प्रमाणात आखलेली आहे. तीर्थस्थान, पाणवठा किंवा देवालय इथे मलमूत्र विसर्जन करणाऱ्यालाही दंड आहे. पण औषध, आजार किंवा भीती यांमुळे तसे घडले असेल तर दंड करू नये, असेही कौटिल्य सांगतो. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अधिकरणात दंडाचे तीन प्रकार येतात: तीक्ष्ण दंडाने लोक धास्तावतात, मृदू दंड करणाऱ्याला कोणी जुमानत नाही, आणि यथायोग्य दंड करणाराच आदराला पात्र होतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात याच विषयावर एक नियम आहे, आणि या चर्चेत त्याला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते. आपत्ती नसताना राजमार्गावर घाण करणाऱ्याने दोन कार्षापण द्यावेत आणि ती घाण ताबडतोब स्वतः काढावी, असे तो सांगतो. लगेच पुढे अपवाद येतो. संकटात सापडलेला माणूस, वृद्ध, गर्भवती आणि लहान मूल यांना पैशाचा दंड नाही. त्यांना समज द्यावी आणि जागा साफ व्हावी, एवढेच. या नियमात दोन कर्तव्ये वेगळी ठेवली आहेत. नाणी राजाकडे जातात, कारण व्यवस्थेचा भंग झाला. साफसफाई रस्त्याकडे, म्हणजे त्यावरून चालणाऱ्या सर्वांकडे जाते, कारण नुकसान त्यांचे झाले. राजाचे देणे अपवादात माफ होते, रस्त्याचे होत नाही.

याच ग्रंथाचा आधार घेताना एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागते. मनुस्मृतीतील दंड वर्णानुसार बदलतात. एकाच अपराधाला एकाला हलकी आणि दुसऱ्याला क्रूर शिक्षा ती सांगते. माणसाची योग्यता जन्मावरून ठरवणारी ही व्यवस्था अन्यायी होती आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. रस्ता साफ करण्याचे काम पिढ्यान्पिढ्या विशिष्ट जातींवर लादले गेले, हेही त्याच व्यवस्थेचे फळ. म्हणून घाण करणाऱ्याने ती स्वतः काढावी या तत्त्वाला आजच्या समाजात अधिकच धार येते. ते तत्त्व जन्म न पाहता सर्वांना सारखे लावले, तर ज्या विषमतेने स्वच्छता एका जातीच्या माथी मारली तिच्याच मुळावर ते घाव घालते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. राजदंडाने पाप फिटते का, यावर धर्मशास्त्रात मोठा खल झाला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे म्हटले आहे, की राजाने ज्यांना शिक्षा केली ते निर्मळ होऊन पुण्यवंतांप्रमाणे स्वर्गाला जातात. हे वचन केवळ देहदंडाला लागू होते की धनदंडालाही, याची चर्चा टीकाकारांनी केली. शंका रास्त होती. देहदंड सोसावा लागतो, त्यातून सुटका नसते. पैसा मात्र ज्याच्याजवळ भरपूर आहे तो सहज देऊन मोकळा होतो, आणि अशा सहज देण्याने अंतःकरण शुद्ध होते असे मानणे कठीण आहे. प्रायश्चित्ताच्या विचारात पश्चात्ताप, दोषाची जाहीर कबुली आणि तसे पुन्हा न करण्याचा निश्चय यांना महत्त्व आहे. यांपैकी एकही गोष्ट पावतीवर नोंदवता येत नाही.

आधुनिक संशोधनाने हीच शंका वेगळ्या वाटेने पुढे आणली. इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा एक अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी छोटा दंड लावला. त्यानंतर उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो पूर्वीच्या पातळीला आला नाही. आधी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटत असे. दंड आल्यावर तो उशीर विकत घेता येणारी सेवा झाला. नैतिक बंधनाच्या जागी किंमत येऊन बसली, आणि किंमत गेल्यावर ते बंधन आपोआप परतले नाही.

याचा अर्थ दंड निरुपयोगी आहे असा नाही. दंड कशाचा आहे हे जिथे समाजाला स्पष्ट असते तिथे तो निषेध व्यक्त करतो. जिथे ते स्पष्ट नसते तिथे तो दरपत्रक होतो. वाहन नको तिथे उभे करून जो मनाशी म्हणतो की फार तर दंड भरू, त्याने दंडाला भाडे मानले आहे. त्याच्या हिशेबात रुग्णवाहिकेला न मिळालेली वाट किंवा चाकाच्या खुर्चीतून जाणाऱ्याचा अडलेला पदपथ कुठेच येत नाही. दंडाची रक्कम कितीही वाढवली तरी हा हिशेब फक्त महाग होतो, बदलत नाही.

म्हणूनच जुन्या आणि नव्या दोन्ही व्यवस्थांत दंड पायरीपायरीने चढवण्याची पद्धत दिसते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आधी शब्दांनी समज, मग कठोर निर्भर्त्सना, मग धनदंड आणि शेवटी देहदंड असा क्रम आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा पहिल्या उल्लंघनाला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी चढती शिक्षा ठरली. पुन्हापुन्हा तीच चूक करणारा माणूस नियम नाकारतो आहे, असा निष्कर्ष यात गृहीत आहे. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा म्हणून स्वीकारली, तीही याच दिशेची आहे. वेळ आणि श्रम देणे हे पैसे देण्याहून भरपाईच्या जास्त जवळ जाते, कारण ते नोकराकरवी देता येत नाहीत.

दंडाच्या समानतेचा प्रश्नही तितकाच खोल आहे. २०० रुपये ही रक्कम एकाला जाणवतही नाही, तर रोजंदारीवरच्या मजुराच्या घरात तिने त्या दिवशीचा बाजार अडतो. आकडा समान असला तरी शिक्षा असमान होते. फिनलंडने १९२१ पासून गंभीर गुन्ह्यांतील दंड उत्पन्नाच्या प्रमाणात मोजण्याची पद्धत स्वीकारली आहे. जागेवरच्या दंडात उत्पन्न तपासणे शक्य नसते. तिथे न्याय टिकवण्याचा मार्ग दुसरा आहे: कृत्य टाळणे त्या माणसाच्या हातात होते का, हे पाहणे. ज्या वस्तीत पुरेशी स्वच्छतागृहे नाहीत तिथे उघड्यावर जाण्याबद्दल दंड करणे म्हणजे पालिकेने आपली उणीव रहिवाशाच्या नावावर मांडणे होय. कौटिल्याने आजार आणि भीती यांना दिलेली सूट, आणि स्मृतीने संकटातल्या माणसाला दिलेली माफी, याच न्यायाला धरून होती: ज्याच्यापुढे पर्याय नाही त्याच्याकडून दंड घेता येत नाही.

या मर्यादेची कायदेशीर बाजू मुंबईच्याच एका खटल्यात मांडली गेली. पदपथावर राहणाऱ्यांच्या झोपड्या हटवण्याविरुद्ध ओल्गा टेलिस आणि इतरांनी केलेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. पदपथ चालण्यासाठी आहेत आणि त्यावरची अतिक्रमणे हटवण्याचा पालिकेला अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्याच निकालात जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि हटवण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घेणे हा न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे, असेही ठरले. सुनावणीने निर्णय बदलेलच असे नाही. तरी ऐकून घेतल्याने समोरचा माणूस नागरिक म्हणून मान्य होतो, आणि हे मूल्य परिणामावर अवलंबून नाही. पुढे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना नोंदणी, प्रमाणपत्र आणि हटवण्यापूर्वी नोटीस यांचे संरक्षण दिले.

दंड करणाऱ्याचे काय, हा प्रश्नही धर्मशास्त्राने टाळला नाही. जिथे सामान्य माणसाला एक कार्षापण दंड होतो तिथे राजाला हजार व्हावा, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीत आणि अर्थशास्त्रात अन्यायाने घेतलेल्या दंडाबद्दल राजावर तीसपट भार टाकला आहे, आणि ती रक्कम वरुणाला अर्पण करायला सांगितली आहे. अन्यायाचा पैसा राजाच्या कोशात राहू नये, हा यातला आशय आजही जसाच्या तसा लागू आहे. दंड वसूल करणाऱ्याचे उत्पन्न दंडावर अवलंबून ठेवले की त्याचे लक्ष स्वच्छतेवरून सावजाकडे वळण्याचा धोका निर्माण होतो. मुंबईत खासगी संस्थांमार्फत नेमलेल्या क्लीन-अप मार्शलांच्या योजनेत संस्थांना दंडाचा वाटा मिळत असे. अरेरावीच्या आणि पैसे उकळल्याच्या तक्रारी आल्या, आणि ती योजना अनेकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाली. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाने चांगल्या स्थितीतील, खड्डेमुक्त रस्ता हा नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे. कचरा रस्त्यावर टाकणाऱ्याला जाब विचारणारी पालिका त्याच रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल जाब देण्यास बांधील आहे. हे बंधन दुहेरी नसेल तर दंडाला नैतिक अधिकार उरत नाही.

नियम आहे पण अंमल नाही, ही स्थिती किती घातक असते ते महाडने दाखवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण तो अडवणाऱ्यांना कोणी हटकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा तो ठराव प्रथमच प्रत्यक्षात उतरला. त्यावर सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली, आणि नगरपालिकेने त्याच वर्षी ठराव मागे घेतला. शुद्धी झाली ती पाण्याची. माणसाला पाणी नाकारण्याचा दोष होता तसाच राहिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्यावरून चाललेल्या न्यायालयीन लढाईचा अखेरचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. स्थानिक संस्थेचा नियम दुबळ्याच्या बाजूने असतो तेव्हाच त्याच्या अंमलबजावणीची खरी परीक्षा होते.

आंबेडकरांनी १९३६ मधील जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात नियम आणि तत्त्व यांतला भेद मांडला. नियम काय करायचे ते ठरवून देतो. तत्त्व निर्णयाची जबाबदारी माणसावर टाकते. धर्म केवळ नियमांचा झाला की ही जबाबदारी मरते, असे त्यांचे म्हणणे होते. उपविधी हे स्वभावतःच नियम आहेत, आणि शहराला त्यांच्यावाचून चालत नाही. पण नियमामागचे तत्त्व, म्हणजे सामाईक जागेवर सर्वांचा सारखा हक्क, रहिवाशाच्या मनात जिवंत नसेल तर तो कॅमेरा आणि मार्शल नसलेली जागा शोधत राहतो.

हे तत्त्व जागवण्याचे काम महाराष्ट्रात संतपरंपरेने केले. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच हातातल्या खराट्याने रस्ता झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याकडून उत्तरे काढून घेत. दंड करण्याचा कोणताही अधिकार त्यांच्याकडे नव्हता. स्वतः झाडल्यामुळे त्यांना बोलण्याचा अधिकार मिळाला. राज्य सरकारने २००० च्या सुमारास त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि त्यात गावांनी आपले रस्ते, गटारे आणि शौचालये लोकसहभागाने सुधारली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदानाचे नियम स्वीकारले. नियम ज्यांनी पाळायचा त्यांनीच तो केला, आणि श्रमदानातून त्यासाठी हातही लावला. तिथे नियम मोडणे म्हणजे परक्या कार्यालयाशी लबाडी राहत नाही. तो आपल्याच शब्दाचा भंग होतो.

या सर्व विचारातून मूळ प्रश्नाचे उत्तर तीन भागांत देता येते. दंड भरल्याने पालिकेपुढचे प्रकरण मिटते, आणि ते मिटलेच पाहिजे. एका चुकीचा जाब माणसाला कायद्यापुढे आयुष्यभर द्यावा लागू नये. शेजाऱ्यांपुढचा दोष मात्र भरपाईने फिटतो: घाण काढल्याने, अडवलेली वाट मोकळी केल्याने, तोडलेल्या झाडाच्या जागी झाड लावून ते जगवल्याने. विवेकापुढचा दोष त्याहून वेगळा. तो चूक मान्य केल्याने आणि पुढची वागणूक बदलल्याने फिटतो, आणि तिथे कोणतीही पालिका पोहोचू शकत नाही. चांगला उपविधी पहिली गोष्ट प्रामाणिकपणे करतो, दुसरीला शक्य तिथे दंडाचाच भाग बनवतो आणि तिसरीसाठी जागा मोकळी ठेवतो. नियम आधी कळवणे, म्हणणे ऐकणे, पावती देणे, लाचार माणसाला सूट देणे आणि सत्तेला त्याच मापाने मोजणे या अटी पूर्ण झाल्या, तरच दंड मागण्याचा अधिकार संस्थेला नैतिक दृष्टीने मिळतो. त्या पूर्ण झाल्यावर रहिवाशावरही तितकेच स्पष्ट कर्तव्य येते: पैसे देऊन थांबायचे नाही, बिघडवलेली जागा पूर्ववत करून द्यायची.